आठ लिही

दवाखान्यातून मी सोमवारी ज्यांना फोन करते, त्या आजोबांना आज शेवटचा फोन केला. १२ वेळा बोलणं झालं, आता केस बंद करायची. बंद करताना ठरलेले ४ प्रश्न विचारावेच लागतात, ० ते १० मध्ये उत्तर. आयुष्यात समाधान किती, जे करता त्यात अर्थ वाटतो का, काल किती आनंदात होतात, काल काळजी किती होती. पहिल्या वेळी, मार्चमध्ये, आनंदाला ३ म्हणाले होते. आज जरा गप्प बसले आणि मग म्हणाले, "आठ लिही, लव्ह. तुझं काम चांगलं दिसेल."

मी लिहिलं. आणि तेव्हापासून काही सुचत नाहीये. मग खरा आकडा किती होता?

२०१९ पासून इंग्लंडमध्ये जीपी सर्जऱ्यांत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यांत, आम्हाला घेतायत, लिंक वर्कर म्हणून: एकट्या पडलेल्या माणसांशी बोलायचं, त्यांना एखाद्या गटाशी, बागेशी जोडून द्यायचं. डॉक्टरकडे १० मिनिटं असतात, त्यात गुडघा बघतील की बायको गेल्यावर घर कसं खायला उठतं ते ऐकतील, म्हणून रेफरल, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी, माझ्याकडे. वर्षाला २००-२५० माणसं. मला धड खोलीसुद्धा नाही, आज फिजिओ आला म्हणून स्टोअरमध्ये खोक्यांच्या मधे बसून फोन केले, आणि रेफरलमध्ये काय, तर फक्त "लोनली". एक शब्द. पुढचं सगळं माझ्यावर. ट्रेनिंगच्या वेळी लंडनला ब्रॉम्ली बाय बो नावाचं केंद्र बघायला गेले होते, तिथे दवाखाना आणि बाग एकाच आवारात, माणूस डॉक्टरकडून निघाला की समोर झाडंच. आमच्याकडे बाग म्हणजे मी हातात दिलेला फोन नंबर, आणि तिथे जायचं तर दोन बस.

आजोबा मेन्स शेडला, म्हणजे पुरुष एकत्र जमून सुतारकाम वगैरे करतात तिथे, जातात म्हणाले, पक्ष्यांचं घर बनवतायत म्हणाले. तेही माझ्यासाठीच म्हणाले असतील का? आई रविवारी "मी बरी आहे गं" म्हणते तो आवाज... असो.

मगाशी भांडी घासताना वेगळंच आलं मनात. बायको गेल्यापासून त्यांना सांभाळायला कोणीच उरलेलं नाही. घरात कोणाला चहा विचारायचा नाही, कोणाचं औषध बघायचं नाही. आणि आज त्यांनी मला सांभाळलं, माझं काम नीट दिसावं म्हणून स्वतःचा आकडा वाढवून दिला. मार्चमधल्या माणसाला हे जमलं नसतं, तेव्हा ते माझं नावसुद्धा विचारत नव्हते, हो-नाही एवढंच. म्हणजे ८ खोटा असेल, पण ३ सुद्धा राहिलेला नाही. एवढं मला पुरतंय आज.

आकडा बदलला नाही. खाली नोंदीत त्यांचं वाक्य जसंच्या तसं टाकलंय आणि शेडच्या माणसाला मेसेज केलाय, पक्ष्यांच्या घराला रंग कुठला देतायत विचारून सांग म्हणून. केस उद्या बंद करेन.