फी आम्ही भरतो, मग तो काय बोलतो ते का सांगत नाही?

फोंड्यात लाइफ कोचिंगचं, म्हणजे माणसाशी बोलून त्याला ध्येय आणि पुढची वाट ठरवायला मदत करण्याचं, काम सुरू केल्यापासून आईवडील मला हा प्रश्न सतत विचारतात. मुलगा तेवीस-चोवीस वर्षांचा, इंजिनीअरिंग करून घरी बसलेला, नाहीतर जहाजावर जाऊ की नको यात अडकलेला. वडील फी भरतात आणि आठवड्याभरात फोन येतो, "मॅडम, काही बोलला का?" म्हार्दोळच्या जत्रेत, फुलांच्या दुकानापाशी हात धरूनही विचारतात, "कितें म्हणटा आमचो?" त्यात काळजीच असते आणि ती मला दिसते. तरी मी सांगत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

समोर बसून जो बोलतो, बोलणं त्याचं. कंपनीने पैसे भरले तरी हेच. हॉटेलवाले एखाद्या सुपरवायझरला माझ्याकडे पाठवतात. तो सांगतो, दुबईला जायचा विचार चाललाय. हे एचआरच्या कानावर गेलं तर त्याचं प्रमोशन अडेल आणि पुढचा माणूस माझ्यासमोर फक्त एचआरला आवडेल तेवढंच बोलेल. मग ते कोचिंग कसलं? त्यात आपला गोवा एवढासा. कोण कुणाचा कोण, हे दोन वाक्यांत निघतं. म्हणून मी नाव गाळूनही कुणाचा किस्सा दुसऱ्याला सांगत नाही. गाव आणि नोकरी कळली की माणूस ओळखता येतो.

म्हणून पहिल्या भेटीत, फी घेण्याआधी, मी एक पानभर करार टेबलावर ठेवते. पैसे भरणारा आणि बोलणारा दोघंही तिथेच असतात. भरणाऱ्याला काय कळेल ते त्यात लिहिलेलं असतं: बोलणारा भेटीला आला की नाही, आणि ठरलेल्या भेटी कधी संपणार. बाकीचं बोलणाऱ्याला वाटलं तर तो स्वतः सांगेल. दोघांनी सही केली की कामाला लागायचं. काही वडील पेन खाली ठेवतात आणि उठून जातात. ते काम मी घेत नाही.

हा नियम मी मनाने काढलेला नाही. 1995 साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन या कोचांच्या संस्थेच्या आचारसंहितेत पैसे भरणारा आणि कोचिंग घेणारा वेगळे धरले आहेत. कुणाला काय कळणार, हे आधीच ठरवून घ्यायला सांगितलं आहे. पण या संस्थेचं सभासद होणं ऐच्छिक आहे. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. लाइफ कोचला कसलंच लायसन्स लागत नाही. आज कुणीही पाटी लावू शकतो. म्हणून कुणाकडेही जाण्याआधी असा करार मागा.

गुप्ततेला मर्यादा आहेत आणि त्याही मी पहिल्याच दिवशी सांगते. वकिलाला अशिलाच्या बोलण्यासाठी जसं कायद्याचं संरक्षण असतं, तसं कोचला नाही. कोर्टाने विचारलं तर मला उत्तर द्यावं लागेल. लहान मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं, तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, माझ्यावरही.

आणि जिवाचा प्रश्न आला तर मी गप्प बसत नाही. झोप उडालेली, जेवण सुटलेलं, "मी नसलो तर बरं" असं बोलणं, हे माझ्या कामाच्या पलीकडचं आहे. ध्येय ठरवायची वही मी तिथल्या तिथे मिटते. त्याला सांगून, शक्यतो त्याच्यासमोरच घरच्यांना फोन लावते आणि बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत, आयपीएचबीत, घेऊन जायला सांगते. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर रात्रीबेरात्रीही लागतो, तो त्याच्या मोबाइलवर सेव्ह करून घेते. कुठल्या ठरावीक डॉक्टरचं नाव सुचवलं तर त्यात माझं कमिशन नाही, हेही सांगते. कारण ही शंका लोकांच्या मनात असते आणि ती रास्त आहे.

मुलगा तयार असेल तर शेवटच्या भेटीला आईवडिलांनाही बोलावते. काय सांगायचं ते तो आधी माझ्याजवळ ठरवतो आणि त्या दिवशी स्वतःच बोलतो. तेव्हा तुमच्या मनात असेल ते थेट त्यालाच विचारा.