शेवटी ट्विस्ट आहे म्हणून वाच, असं सांगू नका

सध्या लागोपाठ थ्रिलर वाचतेय, सगळे प्रचंड खपलेले, आणि प्रत्येकाबद्दल आधी हेच ऐकलेलं की शेवट वाचून हादरशील. माझं आता स्पष्ट मत झालंय, नुसता ट्विस्ट भारी आहे ही काही पुस्तकाची शिफारस नाही. तिथपर्यंतची तीनशे पानं कशासाठी वाचायची ते सांगा ना!

अ‍ॅलेक्स मायकलिडीसची 'द सायलेंट पेशंट' (२०१९) घ्या. अ‍ॅलिशिया ही चित्रकार नवऱ्याला गोळ्या घालते आणि त्यानंतर एक शब्द बोलत नाही, थिओ नावाचा थेरपिस्ट तिला बोलतं करायला येतो. कल्पना एक नंबर, सुरुवातीला पुस्तक सोडवत नाही. पण मध्येमध्ये अ‍ॅलिशियाची डायरी येते ना, तिथे मला सारखं अडखळायला झालं, कारण डायरीत अख्खेच्या अख्खे संवाद, कोण काय म्हणालं, मग समोरचा काय म्हणाला, सगळं कादंबरीसारखं रचून लिहिलेलं. घाबरलेलं माणूस स्वतःपुरतं असं लिहीत नाही हो. शेवटची चलाखी हुशार आहे, मान्य, मागची पानं उलटून पाहिली तर घटनांचा क्रम बरोबर लपवलाय. पण हे सगळं झाल्यावरही अ‍ॅलिशिया मला कळलीच नाही, त्या चलाखीला ती गप्प हवी होती म्हणून ती गप्प राहिली असंच वाटलं.

(आता 'गॉन गर्ल'चा स्पॉयलर येतोय, वाचली नसेल तर पुढचा पॅरा सोडा.)

गिलियन फ्लिनच्या 'गॉन गर्ल'मध्ये (२०१२) पण डायरीच आहे. लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी एमी गायब होते, एक प्रकरण नवऱ्याचं, एक तिच्या डायरीचं असं चालतं, आणि ही डायरीसुद्धा जरा जास्तच घोटीव, गोड वाटते. तर ती तशी असण्याला कारण आहे! पोलिसांच्या हाती लागावी म्हणूनच एमीने ती रचलीय. जी गोष्ट लेखिकेची कच्ची बाजू वाटत होती तोच पुरावा निघतो, याला म्हणतात लिहिणं. आणि हे गुपित लेखिकेने साधारण मध्यावरच फोडलंय, पुढचं अर्धं पुस्तक आपल्याला सगळं माहीत असूनही धाकधूक होतच राहते. शेवट अनेकांना आवडत नाही, मला मात्र तोच बरोबर वाटतो, त्या दोघांना दुसरा कुठलाही शेवट शोभला नसता.

आणि केइगो हिगाशिनोची 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'! मूळ जपानी, २००५ ची. यात तर खून पहिल्याच प्रकरणात आपल्या डोळ्यांदेखत होतो, कोणी केला, का केला, काहीच लपवलेलं नाही. ज्यांच्या हातून खून झाला त्या मायलेकींना वाचवायला शेजारी राहणारा गणिताचा मास्तर इशिगामी पुढे येतो आणि मग तो काय काय करतो हे बघत बसायचं. तो परीक्षेत भूमितीचं वाटेल असं गणित घालतो, जे खरं तर फंक्शनचं असतं, हे अगदी सहज बोलण्यात येतं आणि सगळं कोडं तिथेच समोर ठेवलेलं असतं, तरी आपल्याला दिसत नाही. शेवटाला मी रडले, खरंच. एक तक्रार आहेच, यासुको, म्हणजे जिच्यासाठी हे सगळं चाललंय ती बाई, फारच पुसट आहे, आणि इशिगामीची भक्ती कधीकधी पाळत ठेवल्यासारखी वाटते, त्याकडे लेखक जरा प्रेमानेच बघतो, ते मला खटकलं. पण तरी या सगळ्यांत नंबर एक हीच.

रिचर्ड ऑस्मनची 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) अगदीच वेगळी. निवृत्तांच्या वसाहतीतले सत्तरी पार केलेले चौघं जुन्या केसेस उकरतात आणि मग खरा खून होतो. रहस्य म्हणाल तर ढिसाळ आहे, मृतदेह जास्त, धागे त्याहून जास्त, शेवटाकडे कोण कोणाचा कोण ते लक्षात राहत नाही. पण यातसुद्धा डायरी आहे बघा, जॉइसची, आधी नर्स असलेल्या बाईंची, आणि ती मला खरी वाटली, खुनाबद्दल लिहितालिहिता मुलीवर घसरतात, मग परत खुनावर येतात, एकटेपणाबद्दल एखादं वाक्य टाकून पुढे जातात. पुढचे भाग मी वाचणार आहे, खुनी कोण यासाठी नाही, जॉइसबाईंसाठी.