नवा लॅपटॉप दुकानात 'सेट' करून घेऊ नका

"सगळं सेट करून देतो, तुम्ही फक्त घरी न्या आणि वापरा." दुकानात हे ऐकलं आणि मी हो म्हणालो. त्या एका होकारापायी माझे तीन दिवस गेले आणि राग अजून गेलेला नाही.

विंडोज ११ पहिल्यांदा सुरू होताना मायक्रोसॉफ्ट खातं मागतं. दुकानातल्या मुलाने दुकानाचंच खातं टाकलं. घरी आल्यावर मी माझं खातं जोडलं, दुकानाचं काढून टाकलं आणि विषय मिटला असं धरून चाललो. पण २०२४ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या लॅपटॉपवर, अगदी होम आवृत्तीतही, मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन झालं की ड्राइव्ह सहसा आपोआप एन्क्रिप्ट होतो, म्हणजे आतल्या फाइली कुलूपबंद होतात. ते कुलूप उघडणारी ४८ अंकी रिकव्हरी की त्या पहिल्या खात्यात जमा होते. नंतर खातं काढलं तरी की तिकडेच राहते.

पुढचे टप्पे सुरळीत झाले. विंडोज अपडेट तीनदा चालवलं, कारण एका फेरीत सगळं येत नाही. चिपसेट, ग्राफिक्स आणि वायफायचे ड्रायव्हर लॅपटॉपच्या सिरियल नंबरवरून कंपनीच्या साइटवरून घेतले. मग बायोसची (विंडोजच्या आधी चालून मशीन सुरू करणारा प्रोग्राम) नवी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन थेट बायोसच्या मेनूतून टाकली. लॅपटॉप पुन्हा सुरू झाला तो निळ्या पडद्यावर: रिकव्हरी की टाका.

असं का होतं? ड्राइव्हचं कुलूप लॅपटॉपमधली टीपीएम नावाची सुरक्षेची चिप उघडते, पण मशीन सुरू होतानाची मोजमापं आधीसारखी जुळली तरच. बायोस किंवा सिक्युअर बूटमध्ये (सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) बदल झाला की ती जुळत नाहीत आणि चिप अडून बसते. नुसती सेटिंग बदलली असेल तर ती पूर्ववत करून पाहावी, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. माझं तेवढ्यावर भागलं नाही. माझ्या खात्यात कीच नव्हती. मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट ती शोधून किंवा नव्याने बनवून देऊ शकत नाही. की मिळाली नाही तर ड्राइव्ह पुसून विंडोज नव्याने टाकणं एवढंच उरतं, म्हणजे आतल्या फाइली गेल्या.

दुकानात फोन केला तर "सर, उद्या बघतो." दुसऱ्या दिवशी पासवर्ड ज्याला ठाऊक तो सुट्टीवर. तिसऱ्या दिवशी खातं उघडलं, तर त्यात कितीतरी लॅपटॉपच्या की, आणि नावं सगळी 'डेस्कटॉप' आणि पुढे काहीतरी अक्षरं. अशा वेळी निळ्या पडद्यावरचा की आयडी कामाला येतो. त्याची पहिली आठ अक्षरं यादीतल्या आयडीशी जुळवायची, जुळेल ती आपली की. आकडे फोनवरून घेत असाल तर एक पडताळणी करा: की सहा-सहा अंकांच्या आठ गटांची असते आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. भाग गेला नाही, तर तो गट चुकीचा ऐकला आहे. माझा पाचवा गट असाच सापडला. लॅपटॉप उघडला तेव्हा जीव भांड्यात पडला.

म्हणून पेटी घरीच फोडा आणि पहिलं खातं स्वतःचंच टाका. दुकानात आधीच सेट झालं असेल तर आजच सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू आहे का बघा. सुरू असेल तर ते बंद करा, ड्राइव्ह पूर्ण डिक्रिप्ट होऊ द्या आणि आपल्या खात्यातून पुन्हा सुरू करा, म्हणजे नवी की आपल्याकडे येते. ती कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेत नव्हे, कपाटात ठेवा. बायोस बदलण्याआधी एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा. विंडोजमधून चालणारी कंपनीची बायोस फाइल बहुतेकदा हे स्वतःच करते, पेनड्राइव्हचा मार्ग करत नाही. आणि बायोस टाकताना बॅटरी भरलेली हवी, चार्जरही लावलेला हवा. मध्येच वीज गेली आणि बॅटरी रिकामी असली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो.

आता वेगाबद्दल. सगळ्यात जास्त फरक रॅमने पडला. माझ्यात ८ जीबी रॅम बोर्डावरच डकवलेली आणि एक स्लॉट रिकामा होता. त्यात त्याच वेगाची ८ जीबीची पट्टी टाकली की ड्युअल चॅनेल चालू होतं, म्हणजे दोन्ही रॅम एकाच वेळी वापरल्या जातात. ग्राफिक्सची चिप मुख्य प्रोसेसरमध्येच असेल तर ती याच रॅमवर चालते, म्हणून फरक लगेच जाणवतो. खरेदीआधी टास्क मॅनेजरच्या 'मेमरी' पानावर वेग आणि वापरात असलेले स्लॉट बघा. डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ बसत नाही.

आधीपासून टाकलेला चाचणी अँटिव्हायरस काढून टाका, विंडोजचा डिफेंडर पुरतो. 'स्टार्टअप अ‍ॅप्स'मधलं नको ते बंद करा. एसएसडी डिफ्रॅग करायची (विखुरलेल्या फाइली एकत्र लावायची) गरज नसते. पुसलेल्या फाइलींची जागा मोकळी झाल्याचं एसएसडीला कळवणारं ट्रिम विंडोज तिच्यावर आपोआप चालवतं, आपण फक्त १५-२० टक्के जागा मोकळी ठेवायची.

लॅपटॉप कायम चार्जरवर असेल तर कंपनीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. लेनोव्होत याला कन्झर्व्हेशन मोड म्हणतात. गादीवर ठेवून वापरू नका, खालची जाळी बुजते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःचा वेग कमी करतो. धूळ ब्लोअरने काढताना पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा, मोकळा पंखा फार जोरात फिरून खराब होऊ शकतो.

हे आधी सांगायला हवं होतं: सिरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर वॉरंटीची तारीख पहिल्याच आठवड्यात तपासा. ती बिलाच्या तारखेआधीची दिसली तर बिलाची प्रत पाठवून दुरुस्त करून घेता येते.