.३२ पिस्तुलात काडतूस अडकतंय? मी दोष कसा शोधला

साधं, स्वस्तातलं .३२ एसीपी काडतुसाचं ब्लोबॅक पिस्तूल, म्हणजे बाराच्या दाबानेच ज्याची स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे जाते असं. ५० काडतुसांत ६ वेळा अडकलं. अशा वेळी बहुतेक जण आधी फीड रॅम्पला, म्हणजे काडतूस नळीत चढवणाऱ्या उताराला, पॉलिश पेपर लावायला धावतात. मी रॅम्प सगळ्यात शेवटी धरला, कारण तिथलं घासलेलं धातू परत येत नाही. मॅगझिन (काडतुसांची पेटी) मात्र बदलता येतं.

आधी पिस्तूल रिकामं करायचं. मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून अडकवायची, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी) डोळ्यांनी बघायचं आणि करंगळीने चाचपायचं. हा क्रम उलटला, म्हणजे मॅगझिन आत असताना स्लाइड ओढून सोडली, तर एक काडतूस बाहेर पडतं आणि दुसरं आत जातं. टेबलावरचं सगळं काम डमी (दारू नसलेल्या) काडतुसांवर, जिवंत काडतुसं त्या खोलीत नाहीतच. आणि रेंजवर एखादा बार फुसका वाजला तर तो फीडचा दोष समजून स्लाइड ओढून पुढे जाऊ नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पिस्तूल रिकामं करून नळी आरपार तपासल्याशिवाय पुढचा बार नाही.

‘फीड होत नाही’, म्हणजे काडतूस नीट आत जात नाही, एवढ्यावरून काही कळत नाही. मी कागदावर चार रकाने आखले: मॅगझिनचा नंबर, त्यातलं कितवं काडतूस, टोक कुठे अडलं, स्लाइड किती मागे राहिली. मॅगझिनच्या बुडावर रंगाने १ आणि २ लिहिलं. सहापैकी चार अडथळे २ नंबरच्या मॅगझिनचे निघाले आणि चारही वेळा टोक रॅम्पच्या खालच्या भागात रुतलेलं. उरलेल्या दोन वेळा काडतूस जवळजवळ पूर्ण आत होतं, फक्त स्लाइड दोनेक मिलिमीटर मागे थांबलेली. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते. रिकामी पुंगळी स्लाइडमध्ये उभी अडकणं हा तिसराच प्रकार. तो पुंगळी बाहेर फेकली जाण्यातला दोष, त्याला फीडमध्ये धरू नका.

२ नंबरचं मॅगझिन रेंजवर पिस्तुलाच्या मुठीत असतानाच बुडाला तळहाताने वर दाबून बघितलं. दाबल्यावर फीड सुधारलं असतं तर मॅगझिन कॅच (मॅगझिन धरून ठेवणारी खिट्टी) झिजलेला किंवा मॅगझिनची खाच मोठी झालेली असती. फरक पडला नाही, मग मॅगझिन सोडवलं. ओठांमधलं, म्हणजे वरच्या काडतुसाला धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या दोन कडांमधलं, अंतर व्हर्नियरने पुढे आणि मागे मोजलं, १ नंबरशी ताडलं. ओठ ठीक होते. स्प्रिंग मात्र उलटी बसवलेली. फॉलोअरखालचा (काडतुसांना वर ढकलणाऱ्या पट्टीखालचा) वेढा पुढच्या बाजूला उंच हवा, म्हणजे काडतुसाचं नाक वर राहतं. तो मागे उंच होता, त्यामुळे फॉलोअर पुढे झुकत होता आणि वरच्या काडतुसाचं नाक त्याच्याबरोबर खाली. मागच्या साफसफाईतली चूक. स्प्रिंग फिरवली आणि नाक रुतणं थांबलं. ओठच फाकलेले असते तर मी पकडीने दाबत बसलो नसतो. पत्रा एकदा वाकला की पुन्हा वाकतो. नवीन मॅगझिन घ्यावं.

.३२ मध्ये आणखी एक खोड असते, ती काडतुसाच्या घडणीतच आहे. त्याला अर्धवट रिम (बुडाशी किंचित बाहेर आलेली कड) असते: बुडाचा व्यास साधारण ८.६ मिमी, रिमचा ९.१. म्हणजे रिम प्रत्येक बाजूला जेमतेम पाव मिलिमीटर बाहेर, पण अडकायला तेवढी पुरते. वरच्या काडतुसाची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे हवी. ती मागे गेली की वरचं काडतूस पुढे सरकताना खालच्याच्या रिमला आकडा घालतं आणि दोन्ही जाम. हे काडतूस जास्तीत जास्त २५ मिमी लांब असतं आणि मॅगझिन त्या लांबीसाठी बनलेलं. पोकळ टोकाचं काडतूस आखूड असलं की पुढे मोकळी जागा उरते आणि काडतुसं मागेपुढे हिंदकळतात. म्हणून मी ७१ ग्रेनचं गोल टोकाचं, पूर्ण जॅकेटचं काडतूसच वापरतो. स्वस्त पिस्तूल त्याच आकाराला सरावलेलं असतं.

दुसरा दोष चिवट निघाला. स्लाइड पूर्ण बंद का होत नाही? काडतूस मॅगझिनमधून निघताना नेमकं काय होतं ते बघण्यासाठी स्लाइड काढून उलटी धरली आणि डमीची रिम ब्रीचच्या (स्लाइडचा जो भाग चेंबर मागून बंद करतो त्याच्या) सपाट तोंडावरून खालून वर सरकवली. रिमने एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या) आकड्याखाली अलगद शिरायला हवं आणि हात सोडल्यावर डमी तिथेच लटकायला हवी. इथे रिम अर्ध्या वाटेवर अडत होती. टूथपिकने आकड्याखाली खरवडलं तर काजळीची टणक वडी निघाली आणि तिच्यात पितळेचा बारीक कीस. ब्लोबॅक पिस्तुलात झाडलेली पुंगळी दाबानेच मागे ढकलली जाते, त्यामुळे घाण साचलेला एक्स्ट्रॅक्टरही बाहेर काढण्याचं काम बरं करतो. त्रास देतो तो आत घेताना. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

मग चेंबर. ब्रॉन्झच्या ब्रशने मागून पुढे दहा-बारा फेरे, नंतर कोरडं फडकं. नळी खाली करून डमी सोडली की ‘टक्’ आवाज होऊन रिमवर बसली पाहिजे आणि नळी उलटी केली की आपसूक घसरून पडली पाहिजे. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइडला परत पुढे आणणारी) नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली, दोन वेढ्यांनी आखूड भरली. त्याच पिस्तुलासाठीची, त्याच ताकदीची नवी टाकली. स्प्रिंग कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ब्लोबॅकमध्ये गोळी नळीबाहेर पडेपर्यंत ब्रीच धरून ठेवायला स्लाइडचं वजन आणि ही स्प्रिंग एवढंच असतं. दुप्पट ताकदीचीही नको, स्लाइड पुरती मागे न जाता परत फिरते.

तेल रेल्सवर (स्लाइड ज्यांवर सरकते त्या खाचांवर) दोन्ही बाजूंना एकेक थेंब. मॅगझिनमध्ये आणि चेंबरमध्ये अजिबात नाही, तिथे त्याचा चिखल होतो. काडतूस भरताना स्लाइड हाताने जपून पुढे सोडायची नाही. पूर्ण मागे ओढून सोडून द्यायची. मनगट ढिलं असलं तरी हेच अडथळे येतात, म्हणून चाचणी दोन्ही हातांनी घट्ट धरून केली.

शेवटी रॅम्प. मार्करने काळा रंगवला, डमी दहा वेळा आत घेतल्या. रेघ मधोमध आणि सरळ उमटली, म्हणजे रॅम्प निर्दोष. आडवे खरखरीत ओरखडे दिसले असते तर मेटल पॉलिश लावलेल्या कापसाने हाताने चकाकी आणली असती, एवढंच. कानस किंवा फिरतं ग्राइंडर नाही. रॅम्प जिथे चेंबरला मिळतो तो काठ पुंगळीच्या बुडाला खालून आधार देतो. तो गोलावला की पुंगळी तिथे फुगते, फुटतेही.

पुन्हा रेंजवर: प्रत्येक मॅगझिनची ५० काडतुसं, एका वेळी एकच बदल. १ नंबरचं सलग गेलं. २ नंबरचं शेवटच्या काडतुसाला एकदा थांबलं. त्याची स्प्रिंग आता थकलीये, नवी येईपर्यंत ते सरावापुरतंच.

या सगळ्यात जी जिवंत काडतुसं रॅम्पवर आपटली, ती मी परत भरत नाही. आपटल्याने गोळी पुंगळीत खोल बसते आणि दाब वाढतो. व्हर्नियरने मोजली तर तीन काडतुसं त्याच डब्यातल्या बाकीच्यांपेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त आखूड निघाली. ती वेगळ्या डबीत, वर लाल पट्टी.