स्विच बोलका पाहिजे

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, जुलैचा शेवटचा आठवडा. रिटर्न भरायची तारीख ३१ आणि सांगलीतल्या एका सीए ऑफिसमधून सकाळी साडेदहाला फोन, "ताई, सगळंच बंद पडलंय, टॅली उघडेना, नेट नाही, प्रिंटर पण दिसेना, लवकर या." मी मिरजेत एका हॉस्पिटलच्या कामावर होते, ते अर्धं टाकून निघाले. जाऊन बघते तर रॅकमधल्या २४ पोर्टच्या स्विचवरचे, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या नेटवर्कच्या वायरी ज्या डब्यात येऊन जोडतात त्याच्यावरचे, सगळे दिवे एकाच वेळी इतक्या जोरात लुकलुकत होते की जवळजवळ सलग पेटल्यासारखेच दिसत होते. हे काम करणाऱ्याला दिवे बघूनच कळतं की लूप झालाय, म्हणजे कुठली तरी वायर फिरून परत त्याच नेटवर्कमध्ये लागलीय. पण कुठे झालाय ते कोण सांगणार, स्विच साधा अनमॅनेज्ड, म्हणजे मुका. मग एकेक वायर काढायची, दिवे शांत होतायत का बघायचं, परत लावायची, पुढची काढायची. वायरींवर नंबर नाहीत, टेबलाखाली अजून कुठे कुठे छोटे स्विच बसवलेत ते कुणाला नीट माहिती नाही, आणि अख्खं ऑफिस हात बांधून बसलेलं. शेवटी आतल्या खोलीत सापडलं, पाच पोर्टचा डबा टेबलाखाली आणि एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच्यातच खोचलेली. झाडताना कुणाला तरी एक टोक लोंबताना दिसलं असणार, त्याने ते नीट जागेवर लावून ठेवलं. त्याची काहीच चूक नाही. पण घड्याळात दीड वाजला होता.

तेव्हापासून मी लहान ऑफिसवाल्यांना सुद्धा मॅनेज्ड स्विच घ्या म्हणून मागे लागते, म्हणजे ज्याचं पान कॉम्प्युटरवर उघडून आत काय चाललंय ते बघता येतं आणि सेटिंग बदलता येतं असा. ते विचारतात, आमच्याकडे पंधरा तर कॉम्प्युटर, आम्हाला कशाला पाहिजे तो मोठ्या कंपन्यांचा माल? मी सांगते की साहेब, मोठ्या कंपनीत आयटीचा माणूस बाजूच्या खोलीत बसलेला असतो, तुमच्याकडे तो नाही, म्हणून तुम्हाला बोलका स्विच जास्त पाहिजे.

आधी ते लूपचं नीट सांगते, कारण नुकसान तिथेच सगळ्यात मोठं होतं. नेटवर्कवरून माहिती छोट्या तुकड्यांत जाते. राउटरमधून जाणाऱ्या तुकड्यात, म्हणजे आयपी पॅकेटमध्ये, एक आकडा असतो जो प्रत्येक राउटर ओलांडला की एकाने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. स्विच ज्या वेष्टनात तो तुकडा फिरवतो त्या इथरनेट फ्रेममध्ये असं काहीच नसतं. त्यामुळे सगळ्यांसाठी पाठवलेला एक ब्रॉडकास्ट फ्रेम लूपमध्ये सापडला की तो फिरतच राहतो, प्रत्येक फेरीत त्याच्या नव्या कॉपी सगळीकडे जातात, आणि काही सेकंदांत खऱ्या कामाला वाटच उरत नाही. यावरचा उपाय रेडिया पर्लमन नावाच्या बाईंनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत असताना शोधला, स्पॅनिंग ट्री. स्विच ठराविक वेळाने एकमेकांना निरोप पाठवतात, त्यावरून कुठे दोन वाटा झाल्यात ते ओळखतात आणि जास्तीची वाट आपणहून बंद ठेवतात. आज लहान मॅनेज्ड स्विचमध्ये सुद्धा बहुतेक वेळा याची जलद आवृत्ती असते, आणि सोबत लूप प्रोटेक्शन नावाचं एक टिकमार्क असतं, ते चालू कराच. कारण टेबलाखालचे स्वस्त डबे कधी कधी स्पॅनिंग ट्रीचे निरोप पुढे जाऊच देत नाहीत, तिथे लूप प्रोटेक्शन स्वतःचा वेगळा फ्रेम सोडतं आणि तो परत आला तर तेवढा पोर्ट बंद करतं. म्हणजे त्या एका टेबलावरचे तीन-चार जण अडकतील पण बाकीचं ऑफिस चालू राहील, आणि कुठला पोर्ट ते स्क्रीनवर लिहून येईल. तीन तासांचं काम पाच मिनिटांचं झालं की नाही.

दुसरं व्हीलॅन. एकच स्विच, पण आत तीन-चार वेगळे स्विच असल्यासारखे भाग पाडायचे. टॅली आणि सर्व्हर एकात, सीसीटीव्ही दुसऱ्यात, पाहुण्यांचं वायफाय तिसऱ्यात. दवाखान्यात तर हे पाहिजेच, वेटिंगमध्ये बसलेल्या पेशंटच्या मुलाच्या मोबाईलला एक्स-रेच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायची काय गरज? नंबर १ ते ४०९४ पर्यंत देता येतात, तुम्हाला चार पुरतात. मात्र एक लक्षात ठेवा, दोन व्हीलॅनमधली माणसं आपोआप बोलत नाहीत, मध्ये राउटर किंवा फायरवॉल लागतो आणि त्यात कुणाला कुठे जाऊ द्यायचं ते लिहावं लागतं. स्विच आणला, व्हीलॅन केले, आणि प्रिंटर एकात अन् कॉम्प्युटर दुसऱ्यात राहिले म्हणून प्रिंट बंद, मग चिडून सगळं काढून परत पहिल्यासारखं केलं, असं मी दोन ठिकाणी बघितलंय. आधी कागदावर मांडा, कोण कोणाशी बोलणार, मग स्विचला हात लावा.

डीएचसीपी म्हणजे प्रत्येक कॉम्प्युटरला आपोआप आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, वाटायची सोय. त्यावर पहारा ठेवणाऱ्या डीएचसीपी स्नूपिंगची गंमत कुणी सांगत नाही पण माझ्या मते लहान ऑफिसला हे फार उपयोगी आहे. कुणीतरी घरचा जुना वायफाय राउटर आणतं, आमच्या केबिनमध्ये रेंज येत नाही म्हणून, आणि ऑफिसची वायर त्याच्या लॅनच्या भोकात घालतं. आता तो राउटर पण आयपी वाटायला बसतो. ज्याला खऱ्या राउटरकडून मिळाला त्याचं चालतं, ज्याला ह्या पाहुण्याकडून मिळाला त्याचं बंद, आणि रिस्टार्ट केल्यावर कधी उलटं होतं. अर्धा दिवस लोक म्हणत राहतात नेट येतं-जातंय. स्नूपिंग चालू असेल तर आयपी वाटायची परवानगी फक्त तुम्ही ठरवलेल्या पोर्टला, बाकी कुणी वाटायला लागलं तर स्विच तिथेच अडवतो.

आता पीओई, म्हणजे नेटवर्कच्या वायरीतूनच कॅमेऱ्याला आणि ॲक्सेस पॉइंटला करंट. खोक्यावर आठ पोर्ट पीओई लिहिलेलं असतं ते बघून लोक आठ कॅमेरे लावतात. जुन्या ८०२.३एएफ प्रमाणात एका पोर्टला १५.४ वॉटपर्यंत मिळतात, नंतरच्या ८०२.३एटी मध्ये ३० पर्यंत, पण सगळ्या पोर्टना मिळून एकूण किती ते वेगळं छापलेलं असतं, तेच खरं बघायचं. आठ गुणिले १५.४ म्हणजे १२३ च्या वर जातं आणि स्विचचा एकूण बजेट ६० च असू शकतो. एका गोडाऊनमध्ये तक्रार होती की दिवसा सगळे कॅमेरे मस्त, रात्री दोन कॅमेरे गायब. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, ते जास्त वॉट खेचतात, बजेट संपतं, स्विच शेवटच्या पोर्टचं करंट काढून घेतो. मॅनेज्ड स्विचवर प्रत्येक पोर्ट किती वॉट खातोय ते आकड्यात दिसतं, नाहीतर आम्ही कॅमेरेच बदलत बसलो असतो. शिवाय कॅमेरा हँग झाला तर शिडी नको, पानावर जाऊन त्या पोर्टचं करंट बंद-चालू करायचं, झालं.

कॉलच्या आवाजाला आधी वाट द्यायची ती क्यूओएसची सोय आहे, आयपी फोन असतील तरच त्यात डोकं घाला.

पोर्टचे आकडे मात्र महिन्यातून एकदा बघाच. गिगाबिटला वायरीतल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच पुरतात, म्हणून उंदराने फॉल्स सीलिंगमध्ये एक तार कुरतडली तरी बऱ्याचदा लिंक चालूच राहते, फक्त १०० वर येऊन बसते, आणि लोक म्हणतात सर्व्हर स्लो झाला. पानावर त्या पोर्टसमोर १००० च्या जागी १०० दिसलं की समजायचं. सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडून आलेल्या फ्रेमचा, आकडा वाढत असेल तर वायर किंवा तिच्या टोकाचं क्रिम्पिंग खराब, आणि काही स्विच तर केबल टेस्टमध्ये कितव्या मीटरवर तुटलंय तेही सांगतात.

आमच्याकडे अजून एक, वळवाचा पाऊस. मे महिन्यात विजा व्हायला लागल्या की शेडमधून ऑफिसकडे उघड्यावरून ओढलेल्या तांब्याच्या वायरी पोर्ट जाळतात, कधी अख्खा स्विच. म्हणून स्विच घेताना एसएफपीचे, म्हणजे फायबरचा जोड बसवायचे, दोन खाचे असलेला घ्या आणि दोन इमारतींच्या मध्ये फायबर टाका, काचेतून वीज जात नाही. मात्र केबल मागताना आत लोखंडी तार नसलेली आणि वर पत्र्याचं कवच नसलेली मागा.

दोन संगणक, एक प्रिंटर आणि एक बिलिंग मशीन असलेल्या दुकानाला यातलं काही नको, साधा डबा घ्या, पैसे वाचवा.

आणि पासवर्ड. हे मी प्रत्येक ठिकाणी हात जोडून सांगते. स्विच लावणारा माणूस कंपनीचा पासवर्ड बदलून स्वतःचा टाकतो ते बरोबरच आहे, पण तो मालकाला देत नाही. एका कारखान्यात तो माणूस गाव सोडून गेला, फोन लागेना, आम्हाला स्विच रिसेट करायला लागला आणि दोन वर्षांची सगळी सेटिंग पुसली गेली, एक अख्खा रविवार वायरी शोधून परत लिहिण्यात गेला. त्या सीए ऑफिसात आता मॅनेज्ड स्विच आहे, कॉन्फिगची, म्हणजे सगळ्या सेटिंगची, फाईल पेनड्राइव्हवर, कुठल्या पोर्टला कुठलं टेबल त्याचा कागद आणि पासवर्ड, तिन्ही एका बंद पाकिटात घालून मी साहेबांच्या हातात दिलं, त्यांनी ते माझ्यासमोर डिजिटल सिग्नेचरच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.