खोकल्यातला घ

परवा दुपारी बडोद्यात जुन्या पादरा रोडवर रिक्षा सिग्नलला थांबली, तर शेजारी एका खाण्याच्या दुकानाची भलीमोठी पाटी. ड्राइव्ह-थ्रू. त्यातलं थ्रू लिहिलं होतं टी-एच-आर-यू, बस्स. एवढ्यात आटोपलं. सिग्नल सुटेपर्यंत मी त्या पाटीकडे बघत बसलो. सोपं केलंय, छान केलंय, पण आमची चांडाळचौकडी कुठं गेली? ओ, यू, जी आणि एच?

पाचवीत इंग्रजी आलं आणि या चौघांनी आम्हाला रडवलं. टी-एच लावला पुढे की दो. मध्ये आर घुसवला की थ्रू. टफ म्हणताना तेच चौघं फ होतात, थॉटमध्ये गप्प बसतात, झाडाच्या फांदीला बाउ म्हणतात तिथं आणखी तिसरंच. सर दांडिया बाजारातल्या त्या अंधाऱ्या वर्गात फळ्यावर छडी आपटत उच्चार घोकून घ्यायचे. कारण विचारायची सोय नव्हती. विचारलं तर छडीचा रोख फळ्यावरून आपल्याकडे वळायचा.

मग पोरांनी आपला रस्ता काढला. स्पेलिंग पाठ करायचं तर जसं दिसतं तसं वाचायचं, हा मराठी शाळांतला जुनाच धंदा. क्निफे. वेडनेसडे. निघट. तसंच थ्रोउघ, टोउघ, कोउघ. पेपर लिहिताना सगळा वर्ग ओठांत घघघ करत असायचा, भुंग्यांची वसाहत असल्यासारखा.

यातला कोउघ माझा विशेष लाडका. आमच्याकडे खोकल्याच्या औषधाला कफ सिरप म्हणतात ते त्यात कफ सुटतो म्हणून, अशी घरादाराची पक्की समजूत. बाटलीवर सी-ओ-यू-जी-एच लिहिलेलं असायचं आणि आई म्हणायची, बघ, कफालासुद्धा इंग्रजांनी आपलाच शब्द घेतला. तिचा आनंद कशाला घालवा? त्या कफाचा आपल्या कफाशी काडीचा संबंध नाही. पण खुद्द इंग्रजांनीही काही कमी केलेलं नाही. उचकीला ते हिकप म्हणतात, आणि हे काहीतरी खोकल्यातलंच असणार असं समजून त्यांनी त्याच्या शेपटाला कफचं स्पेलिंग जोडून दिलं. दोन्ही स्पेलिंगं कोशात आहेत, उच्चार मात्र हिकपच. म्हणजे आई एकटी नव्हती.

पुढे कळलं ते असं की तो घ उगाच आलेला नव्हता. चौदाव्या शतकातला इंग्रज रात्रीला नाइट म्हणत नसे, निख्त म्हणे, घशातून खरवडून, उर्दूतल्या ख़सारखं. सरदार असेल तर क्निख्त, पुढचा क सुद्धा स्पष्ट. १४७६ साली कॅक्स्टननं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला आणि शब्दांची रूपं हळूहळू खिळ्यांत घट्ट होत गेली. जीभ मात्र कुणाच्या खिळ्याला बांधलेली नसते. घशातला तो आवाज कुठं विरून गेला, कुठं त्याचा फ झाला. म्हणजे आमचं निघट सरांच्या नाइटपेक्षा जुन्या इंग्रजीला जवळचं होतं! छड्या मात्र आम्ही खाल्ल्या.

पाटीवरचा तो थ्रूसुद्धा काही आजचा नाही. १९०६ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी अमेरिकेच्या सरकारी छापखान्याला हुकूम काढला की तीनशे शब्द सोप्या स्पेलिंगनं छापा. त्यात हा होता, दोचा टी-एच-ओ होता. वर्तमानपत्रांनी यथेच्छ टिंगल केली, लोकप्रतिनिधींनी हुकूम झुगारला आणि वर्ष सरायच्या आत अध्यक्षांनी माघार घेतली. त्याच १९०६ साली आमच्या सयाजीराव महाराजांनी अख्ख्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. ते टिकलं. तिकडे लोकशाही, इकडे राजा. यावर मी जास्त बोलत नाही.

आपली भाषा कशी, लिहितो तशी बोलतो, हे अभिमानानं सांगणारे लोक मला फार भेटतात. त्यांना बडोद्यात आणून आमच्या हायस्कुलात बसवायला हवं होतं. गुजराती सर शिकवायचे विग्नान. हिंदीच्या तासाला तेच विग्यान. घरी जाऊन विद्न्यानाचा गृहपाठ. एकच ज्ञ, शिरोरेघेसकट नाहीतर शिरोरेघेशिवाय, आणि तिन्ही उत्तरं बरोबर.

पण ज्ञ निदान उघड बदलतो. च चं काय? चार चाकं म्हणताना पुण्याच्या आत्याच्या तोंडून दोन वेगळे च येतात, एक टाळूला लागून, एक दातांना. कागदावर दोन्ही सख्खे जुळे. गुजरातीला तो दाताचा च नाहीच. आत्या दिवाळीला यायची आणि आमचं चाक, चूल, चांदणं ऐकून पदर तोंडाला लावून हसायची. आई तिच्या बाजूनं, वडील आमच्या. शाळेतून, गल्लीतून, भाजीवालीकडून तो आवाज आमच्या जिभेवरून कधी उतरला, हे आम्हा भावंडांपैकी कुणालाच सांगता येणार नाही. कुणी हुकूम काढला नव्हता. लिहायला अजून च च लिहितो.

काल नात जेवायला बसली होती. चटणी दे म्हणाली, शुद्ध गुजराती च लावून. मी म्हटलं, असं नाही, च़टणी, जीभ दाताला लाव. तिनं प्रामाणिकपणे दोनदा प्रयत्न केला, थोडा भात सांडला, आणि मग म्हणाली, आजोबा, तुम्ही पण तर माझ्यासारखंच म्हणता. बायको आतून हसली. मी वाटी पुढे सरकवली.