कादंबरीतल्या आकड्यांवरून नॉटिलस, १:२०० मापात

नॉटिलस म्हटलं की बहुतेकांना रिव्हेटांनी भरलेली, पाठीवर करवतीचे दात असलेली सिनेमातली पाणबुडी आठवते. ज्यूल व्हर्नच्या १८६९-७० मध्ये क्रमशः आलेल्या ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ या कादंबरीतली नॉटिलस तशी नाही. पहिल्या भागाच्या तेराव्या प्रकरणात तिचा कप्तान नेमो तिची मापं सांगतो आणि मॉडेलला तेवढी पुरतात. आवृत्ती मात्र पूर्ण आणि मीटरमधली घ्यावी. फूट-इंचात फिरवताना आकडे गोल केलेले असतात.

लांबी ७० मीटर, सर्वांत जास्त रुंदी ८ मीटर, बाहेरचा पत्रा ५ सेंटिमीटर जाड. मी १:२०० घेतलं ते या पत्र्यासाठी. ५ सेंटिमीटरचे होतात ०.२५ मिलिमीटर, आणि त्या जाडीची स्टायरीन (प्लास्टिक) शीट तयार मिळते. बोट ३५० मिमी लांब, ४० मिमी जाड होते, म्हणजे फ्लॅटमधल्या शोकेसमध्ये मावते.

आकार शंकूसारख्या टोकांचा लांबट सिलिंडर, ‘सिगारसारखा’, असं लिहिलंय, आणि घनफळही दिलंय: सुमारे १५०० घनमीटर. याच लांबी-रुंदीचे दोन शंकू पाठीला पाठ लावून जोडले तर ११७३ येतात, पॅराबोलाचा फुगवटा धरला तर १८७७. खरा आकार या दोघांच्या मधला. त्यावरून काढलेले व्यास असे: मध्यावर ४० मिमी, मध्यापासून ३५ मिमीवर ३६, ७० वर २९, १०५ वर २०.५, १४० वर १०.५. पुस्तकात दिलेलं पृष्ठफळ, १०११ चौरस मीटर, या आकाराशी एक-दोन टक्क्यांच्या फरकाने जुळतं. व्हर्नने गणित केलं होतं, हे उघड आहे. एक-दोन टक्के आपण पॉलिश पेपरनेच घालवतो.

हे व्यास जोडून पुठ्ठ्याचा अर्धा फर्मा कापला आणि लाकडी गाभा लेथवर कातून घेतला. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये लेथ भरपूर, पण ते लोखंडाच्या कामाचे. लाकडाचा भुसा चालेल का, हे आधी विचारावं. तिथे हमखास नायलॉनचा दांडा सुचवला जातो. तो नको. नायलॉनवर सुपरग्लूही धड धरत नाही आणि प्रायमरही. सागात तेल असतं, तोही टाळावा. वाळलेलं शिवण उत्तम. गाभ्याचा मधला व्यास ३९.५ मिमी ठेवायचा, वरून पत्रे चढणार आहेत. दोन्ही टोकं लाकडात काढू नयेत, कातताना तुटतात. शेवटचे २० मिमी पितळेचे करावेत. पुढचा सुळका तीन धारांचा. कादंबरीत नॉटिलसच्या धडकेने स्कोशिया जहाजाला पडलेलं भोक समद्विभुज त्रिकोणी होतं, म्हणून सुळक्याचा छेदही तोच. स्टँडच्या पितळी नळीसाठी पोटात ३ मिमीचं भोक आत्ताच पाडायचं. सुकाणूच्या केबिनमागे दिवा बसेल, त्या जागेपासून नळीपर्यंत वायरची वाटही याच वेळी. वर माथ्यावरचे दीड मिमी कानशीने सपाट केले की साधारण १५ मिमी रुंद आणि ५५ मिमी लांब जागा मिळते. तो प्लॅटफॉर्म.

आता पत्रे. पुस्तकात ते मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या खवल्यांसारखे एकमेकांवर किंचित चढलेले आहेत, आणि कवच रिव्हेटांच्या आवळण्यावर टिकलेलं नाही असं नेमोच सांगतो. म्हणून रिव्हेट एकही नाही. सँडिंग सीलरचे (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) दोन हात देऊन गाभा घासला आणि शेपटीकडून सुरुवात केली. कौलं खालून वर शाकारतात तसंच: पुढचा पत्रा मागच्यावर चढला पाहिजे, नाहीतर उघडी कड पाण्याच्या तोंडावर येते. मध्यावर परीघ १२५ मिमी, एका कड्यात १६ पत्रे, प्रत्येकी ८ मिमीपेक्षा जरा कमी. लांबी १३ मिमी, त्यातला १ मिमी चढ. टोकांकडे कड्यात १२ आणि मग ८ पत्रे. प्रत्येक कडं अर्ध्या पत्र्याने सरकवायचं. अख्खी पट्टी गुंडाळायचा मोह होतो. पृष्ठभाग दोन्ही दिशांना वळत असल्यामुळे सपाट पट्टीला सुरकुती पडतेच. प्रत्येक कड्याचा परीघ कागदी पट्टीने मोजून भागावा, अंदाजाने कापलं तर शेवटचा पत्रा उरतो किंवा पुरत नाही.

लाकडावर स्टायरीनचं सिमेंट चालत नाही, ते प्लास्टिक विरघळवूनच जोडतं. पातळ सुपरग्लू सुईच्या टोकाने, पत्र्याला एक थेंब. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. पावसाळ्यात तो फार लवकर पकडतो, पत्रा सरळ करायला वेळ मिळत नाही, आणि वाफ आजूबाजूला पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. थेंब लहान ठेवला आणि पंख्याने हवा हलती ठेवली की ती कमी होते.

बोटीचा मागचा पंखा (प्रोपेलर) ६ मीटरचा, म्हणजे ३० मिमी. एका फेरीतली चाल साडेसात मीटर, म्हणजे ३७.५ मिमी, त्यातून पात्याचा कोन टोकाला सुमारे २२ अंश, ७० टक्के त्रिज्येवर ३०. पाती ०.४ मिमी पितळेच्या पत्र्यातून कापून पकडीने पीळ दिला, पाती चार धरली. मोटर बसवू नये. पुस्तकातला पंखा सेकंदाला १२० फेऱ्या घेतो, म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला सव्वादोन किलोमीटर पळणार! इथे मात्र व्हर्नचं गणित सुटलंय.

सुकाणूची केबिन सहा फुटी चौकोनी, म्हणजे ९ मिमी. चार भिंगाच्या काचा मध्यावर २१ सेंटिमीटर जाड, मॉडेलवर १ मिमी. पारदर्शक इपॉक्सीचा थेंब टाकला की भिंग आपोआप होतं. केबिनच्या मागच्या दिव्यात छोटा पांढरा एसएमडी (बारीक, चपटा) एलईडी, पाच व्होल्टवर ४७० ओहमचा रेझिस्टर. तीन व्होल्टच्या बटण सेलवर तो मिणमिणतो.

रंग काळपट पोलादी. आधी चकचकीत काळा, वर धातूच्या रंगाचा अगदी पातळ हात. जाड हात दिला की पत्र्यांच्या कडा बुजतात. लॅकर पावसाळ्यात मारू नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि रंग दुधाळ होतो. थांबणं शक्य नसेल तर एसी ड्राय मोडवर लावून खोली आधी कोरडी करावी, फवारताना तो बंद ठेवून खिडकी उघडावी आणि थिनरमध्ये थोडा रिटार्डर (थिनर उडणं मंदावणारं द्रव) घालावा. तरीही दुधाळ झालंच तर नुसत्या रिटार्डरचा हलका फवारा मारावा, थर पुन्हा ओला होऊन पाणी उडून जातं.